काकूंची भिशी, पोरीचा टॅब आणि पी.पी. नंबर

ज्यांना ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे भरकटलो ते थोडं छाटलंय. सगळं नाही.

तर झालं असं. आम्ही लालबागला चाळीत राहतो. चाळीतला एखादा मुलगा बीटेक होऊन कंपनीत लागला की दोन खाती न मागता त्याच्याकडे येतात. एक, मजल्यावरच्या सगळ्यांचे बंद पडलेले राउटर. दुसरं, "कोणता घेऊ रे?" हा प्रश्न. मी बँकांसाठी बॅकएंड लिहितो, मोबाइलच्या दुकानात काम करत नाही, हे सांगून उपयोग नसतो. "कॉम्प्युटरवाला आहेस ना?" एवढं पुरतं.

मागच्या महिन्यात समोरच्या खोलीतल्या काकू आल्या. "भिशी लागलीय. बारा हजार आहेत. पोरगी अकरावीला गेली, तिला टॅब घ्यायचाय. तू सांगशील तो घेते."

मी मनावर घेतलं. रात्री बसून एक्सेल शीट केली. रॅम, स्टोरेज, बॅटरी, प्रोसेसर, किती वर्षं अपडेट मिळणार, स्क्रीन किती इंची. सात टॅब, अकरा रकाने. दुसऱ्या दिवशी शीट काकूंच्या मुलीला दाखवली. तिने वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "दादा, यात सिम कुठे घालायचं?"

बारा हजारांत मी निवडलेले बहुतेक टॅब नुसते वायफायवाले होते. मी म्हटलं, "सिम कशाला? पप्पांच्या फोनवरून हॉटस्पॉट घे ना."

"पप्पा घरी असतात कधी? पाचवीत पण हेच झालं होतं."

शीट तिथेच बंद केली. ती पाचवीत होती ते वर्ष २०२०. शाळा फोनवर आली होती आणि घरातला फोन पप्पांबरोबर कामावर जात होता. म्हणजे मी तिच्या गरजेतला स्क्रीन मोजला, आणि तिची गरज होती नंबर. स्वतःचा नंबर.

मग मला नाद लागला. आमच्या या पट्ट्यात, गिरगाव ते लालबाग-परळ, लोकांनी यंत्रं कशी निवडली? विकत कोणी घेतलं, हातात कोणाच्या राहिलं? आजचा भाग त्यावर आहे.

सुरुवात मोबाइलच्या आधीपासून करू, कारण आपल्या आधीच्या पिढीला स्वतःचा नंबर नसणं म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं. जुन्या लग्नपत्रिका किंवा नोकरीचे अर्ज बघा. फोन नंबरापुढे कंसात 'पी.पी.' लिहिलेलं दिसेल. म्हणजे फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, तुम्ही नाव सांगा, ते हाक मारतील. १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्लीसाठी एमटीएनएल स्थापन झालं, तरी पुढची कित्येक वर्षं फोनसाठी नाव नोंदवून वाट बघत बसावं लागायचं. त्यामुळे मजल्यावर किंवा अख्ख्या चाळीत एखादाच फोन. तळमजल्यावरच्या दुकानदाराकडे, नाहीतर डॉक्टरांकडे. खालून कोणीतरी ओरडायचं, "सतरा नंबर, फोन!" सतरा नंबरमधलं कोणीतरी जिना उतरून येईपर्यंत पलीकडच्याचं मीटर चालू. आणि आल्यावर बोलायचं काय, तर जे दुकानात उभ्या असलेल्या पाच जणांनी ऐकलं तरी चालेल तेवढंच.

मुलाखतीचं बोलावणं, गावाकडची आजारपणाची बातमी, स्थळाचा होकार-नकार, सगळं आधी दुसऱ्याच्या कानावर पडायचं. फोन उत्तम होता. आवाज आजच्या कॉलपेक्षा स्वच्छ यायचा असं बाबा अजून म्हणतात. पण तो आपला नव्हता.

त्या काळात या भागातल्या मुलींच्या हाती पोटापाण्यासाठी आलेलं यंत्र म्हणजे टाइपरायटर. याची एक गोष्ट मला फार आवडते. गोदरेजची सुरुवात १८९७ मध्ये आमच्या लालबागमध्ये कुलपांपासून झाली. त्याच गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झालेल्या देशात इतके सुटे भाग एकमेकांत अचूक बसवून चालणारं यंत्र बनवणं ही मोठी गोष्ट होती. हार्डवेअरवाले मित्र हे ऐकून मान डोलावतील.

पण टाइपरायटर घरी कोण घेणार? कोणी घेत नव्हतं. दादर, गिरगाव, परळ, जिथे बघाल तिथे टायपिंग क्लास. महिन्याची फी भरायची, रोजचा एक तास आपला. आज आपण ज्याला सबस्क्रिप्शन म्हणतो ते हेच की. माझ्या आत्याने दहावीनंतर असा क्लास लावला. पहिल्याच दिवशी क्लासच्या सरांनी विचारलं, "इंग्रजी मशीन की मराठी?"

त्या वेळचा 'अँड्रॉइड की आयफोन' म्हणा हवं तर, पण हा प्रश्न जास्त महाग होता. मशीन बदललं की बोटांची सवय बदलणार, आणि नोकरीही बदलणार. इंग्रजी म्हणजे फोर्टमधली खासगी ऑफिसं. मराठी म्हणजे सरकारी कचेऱ्या, कारण १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीतून चालवायचा होता आणि तो टाइप करायला माणसं लागत होती. मराठी मशीन शिकायला अवघडही होतं. अक्षर अख्खं मिळायचं नाही. अर्धं अक्षर एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, आपण जोडायचं. जोडाक्षरांच्या भाषेला मोजक्या कळांच्या फळीवर बसवायचं तर दुसरा उपाय नव्हता. आत्याने आधी मराठी तीसची परीक्षा दिली, मिनिटाला तीस शब्दांची. मग पुढच्या वर्षी इंग्रजी चाळीस. "दोन्ही हातांशी असावं," म्हणते. तिच्या मालकीचा टाइपरायटर तिच्याकडे कधीच नव्हता, पण वेग तिचा होता, सर्टिफिकेट तिच्या नावाचं होतं. मला इथे काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. पी.पी. फोनमध्ये जे नव्हतं ते या भाड्याच्या तासात होतं.

मोबाइल आला १९९५ मध्ये. देशातला पहिला कॉल ३१ जुलैला, कलकत्त्याहून दिल्लीला. मुंबईतही त्याच वर्षी सेवा सुरू झाली, पण कॉलचे दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत, आणि आलेल्या फोनचेही पैसे. त्यामुळे आमच्याकडे ती काही वर्षं मोबाइल म्हणजे दुसऱ्यांच्या हातात बघायची वस्तू होती. पुढे जाऊ.

२००३ हे खरं वर्ष. दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. इनकमिंग फुकट झालं. आणि पावसाळ्यात रिलायन्सची 'मान्सून हंगामा' योजना आली, ५०१ रुपये भरा आणि हँडसेट घेऊन जा. अर्थात पाचशे एक हा आत शिरायचा दर होता, पुढे महिन्याचं बिल होतंच. आणि ते तंत्रज्ञान होतं सीडीएमए. सोप्या भाषेत, फोन आणि नेटवर्क एकमेकांना बांधलेले. जीएसएमसारखं सिम काढलं, दुसऱ्या फोनमध्ये टाकलं, असं चालायचं नाही. म्हणजे तुम्ही फोन निवडत नव्हता, कंपनी निवडत होता, आणि हे बहुतेकांना घेतल्यावर कळलं. तरीही लोकांनी घेतला. मी तेव्हा दुसरीत-तिसरीत असेन. बाबांनी घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? नोकरीच्या ठिकाणी जाऊन नोंदीतला पी.पी. नंबर खोडून नवा नंबर लिहून आले. फोनची रॅम किती हे त्यांनी विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी नोकिया ११०० आला. त्याच्यावर वेगळा भाग करीन, वचन. इथे एवढंच की त्यात टॉर्च होता, धूळ आत जाऊ नये असा एकसंध रबरी कीपॅड होता आणि घामाने सुटणार नाही अशी पकड होती. जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास फोन विकले गेले. कॅमेरा नव्हता, रंगीत स्क्रीन नव्हता. ज्या जिन्यावरचा बल्ब कायम गेलेला असतो तिथे राहणाऱ्याला विचारून बनवल्यासारखा फोन होता तो.

आता टॅबकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण काकूंच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा इतिहास हाच.

५ ऑक्टोबर २०११. केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅब आणला. विद्यार्थ्यांसाठी, जगातला सगळ्यात स्वस्त असा गाजावाजा. सरकारला एक टॅब २,२७६ रुपयांना पडणार होता. सात इंची स्क्रीन, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२. आपल्यातल्या कोणी तो हातात घेतला असेल तर एक गोष्ट नक्की आठवेल, स्क्रीन दाबावा लागायचा. तो रेझिस्टिव्ह होता. म्हणजे दोन पातळ थर, मध्ये फट, बोटाने दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते यंत्राला कळतं. आपल्या आजच्या फोनचा स्क्रीन कॅपॅसिटिव्ह, त्याला बोटाचा विद्युत परिणाम जाणवतो, नुसता स्पर्श पुरतो. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी दाबायचं, मग थांबायचं, मग परत दाबायचं. बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकायची.

शिवाय त्या काळच्या अँड्रॉइडवर देवनागरीचे हाल होते. अक्षरांच्या जागी चौकोन, किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला. विद्यार्थ्यांचा टॅब, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचं पुस्तक त्यावर धड उमटणार नाही!

मोठी मेख मात्र इंटरनेटची होती. त्या आकाशमध्ये सिम नव्हतं, फक्त वायफाय. २०११ मध्ये वायफाय होतं कुठे? कॉलेजात, तेही सगळ्या नाही. लालबागच्या माळ्यावर बसून अभ्यास करणाऱ्या पोराला तो टॅब म्हणजे खिडकी नसलेली खोली.

पुढचा अध्याय मुंबईत घडला. प्रकल्प आयआयटी मुंबईकडे, पवईला आला, आणि प्राध्यापक दीपक फाटक यांच्या चमूने तो हाती घेतला. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, रॅम दुप्पट, कॅपॅसिटिव्ह स्क्रीन, अँड्रॉइड ४. किंमत जवळपास तीच. आयआयटीने यावर इंजिनिअरिंग कॉलेजांच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या, मुलांकडून अ‍ॅप्स लिहून घेतली. एका वर्षात हे करणं सोपं नसतं, मी एका पेमेंट पानाचं बटण बदलायला तीन आठवडे लागलेले बघितलेत. पण तोपर्यंत पहिल्या आकाशने नाव खराब केलं होतं, आणि बाजारात चिनी सुट्ट्या भागांचे स्वस्त टॅब व फोन असे ओतले गेले की सरकारी टॅबची वाट बघायचं कोणाला कारण उरलं नाही.

मग २०१५. आपली महापालिका. शिवसेनेची सत्ता, आदित्य ठाकरे यांनी लावून धरलेली कल्पना, महापालिका शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब. कारण दिलं होतं दप्तराचं ओझं. राज्यात त्या वर्षी दप्तराच्या वजनावर जोरात चर्चा चालू होती आणि वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं असं सरकारने ठरवलं होतं. व्हिडिओकॉनचे वीस हजारांवर टॅब घेतले, आत बालभारतीचा अभ्यासक्रम भरून.

याची टिंगल सोपी आहे, आणि त्या वेळी झालीही. मी ती करणार नाही. परळच्या महापालिका शाळेतल्या मुलाच्या हातात टॅब देण्याचा विचार कोणीतरी केला, हे मला आजही बरोबर वाटतं. चूक वेगळ्या ठिकाणी होती. गरज म्हणून जे धरलं होतं ते होतं वजन. वजन कमी करायचं तर पुस्तकं टॅबमध्ये भरा, झालं. पण पुस्तकं बदलतात. बालभारतीने नववीचा अभ्यासक्रम २०१७ मध्ये बदलला, आठवी आणि दहावीचा २०१८ मध्ये. छापील पुस्तक बदललं की नवीन वाटतात. टॅबमधलं पुस्तक बदलायचं तर तो टॅब कुठूनतरी अपडेट व्हायला हवा, कोणीतरी तो दुरुस्त ठेवायला हवा, आणि या खर्चाची तरतूद टॅब घ्यायच्या दिवशीच करायला हवी. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पाठ असतं, विकत घेणं हा खर्चाचा लहान भाग, सांभाळणं हा मोठा. तरी आमच्या क्षेत्रातही दर दोन प्रोजेक्टांमागे एक याच खड्ड्यात पडतं, तेव्हा महापालिकेला फार बोलायचा अधिकार मला नाही.

२१ जुलै २०१७ ला रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, फोरजी नेट. आकडे दाबायचा कीपॅड. यात नेट होतं, नंबर होता, फक्त व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, ते यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. तोपर्यंत ज्यांनी घेतला त्यांचा नंबर ग्रुपवर नाही, म्हणजे चाळीच्या हिशेबाने ते गावाला गेलेले.

आणि मग मार्च २०२०. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, रद्द झाला. जूनपासून शाळा ऑनलाइन. परळ, नायगाव, वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फूट. त्यात पाच-सहा माणसं, एक प्लग पॉइंट मोरीजवळ, एक टीव्हीजवळ, आणि एक स्मार्टफोन. तो कमावत्या माणसाचा. शाळेच्या रजिस्टरमध्ये पालकांचा नंबर, त्यामुळे वर्गाचा ग्रुप त्या फोनवर. काकूंचे यजमान बेस्टच्या बसवर. बेस्ट त्या काळातही अत्यावश्यक सेवेसाठी धावत होती. ते ड्युटीवर निघाले की मुलीची शाळा त्यांच्या खिशातून निघायची. रात्री घरी आल्यावर ती दिवसभराचे मेसेज एकदम बघायची. बाईंनी अकराला प्रश्न विचारलेला असायचा, बाकीच्यांची उत्तरं बारापर्यंत आलेली. हिचं उत्तर रात्री साडेनऊला. "बाई म्हणायच्या, ही रोज झोपलेली असते," ती मला सांगत होती. हसत सांगत होती, पण पाच वर्षांनीही विसरली नव्हती.

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. टीव्ही निदान घरीच असायचा. ती म्हणते, तेवढा अर्धा तास सगळ्यांबरोबर असल्यासारखं वाटायचं.

ऑनलाइन वर्ग म्हणजे पी.पी. नंबरच होता, मंडळी. नाव मुलीचं, फोन दुसऱ्याचा, आणि निरोप पोचेपर्यंत उत्तराची वेळ गेलेली. बाबांच्या पिढीने २००३ मध्ये जे खोडून टाकलं ते सतरा वर्षांनी मुलांच्या वाट्याला परत आलं.

तर बारा हजारांत काय घेतलं? अनेक श्रोत्यांना एवढंच हवं असेल, म्हणून सविस्तर सांगतो. सिमवाले टॅब बघितले. या किमतीत मिळणारे होते ते एक तर सावकाश चालणारे किंवा अँड्रॉइडची जुनी आवृत्ती असलेले. आणि लक्षात ठेवा, सिम बसतं अशा प्रत्येक टॅबवरून साधा फोन लागतोच असं नाही, काहींत फक्त डेटा चालतो. दुकानात सिम घालून, कॉल लावून बघा, दुकानदार कुरकुरला तरी. मग तिला विचारलं, दिवसभरात काय काय करणार? क्लासचे पीडीएफ, लेक्चरचे व्हिडिओ, कॉलेजचा ग्रुप, ओटीपी, सीएच्या पहिल्या परीक्षेची माहिती. लिहिणार कुठे? वहीत. अभ्यास कुठे? माळ्यावर, आडवं पडून, कारण तिथे बसायला उंची नाही. दहा इंची टॅब आडवं पडून तोंडावर धरून बघा एकदा, नाकावर पडतो.

शेवटी दादरला जाऊन मोठ्या स्क्रीनचा फोन घेतला, साडेदहा हजारांचा. उरलेल्या पैशांत कव्हर, काच, लांब वायरची चार्जिंग केबल आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, कारण हिशेबाचे तक्ते फोनवर बघताना झूम करून डोळे जातात. टॅब असता तर ते सुखाचं झालं असतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी लागली की घेईन."

सिमची एक गंमत राहिली. अठरा पूर्ण नसतील तर स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही. यजमान ड्युटीवर. म्हणून काकूंचं आधार दिलं, काकूंचा फोटो काढला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, तुमच्या नावावर आधी किती नंबर आहेत?" काकू जरा थांबल्या. त्यांच्या हातातला फोनही यजमानांच्याच नावावरचा.

"एकही नाही," म्हणाल्या.

टायपिंग क्लास केलेलं कोणी तुमच्या घरात असेल तर त्यांच्या आठवणी आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, मशीनचा खडखडाट ऐकवता आला तर उत्तमच. पुढच्या भागात नोकिया ११००, दिलेल्या वचनाप्रमाणे.